उशिरा पोचलेला मेसेज आणि अलिबागची वेधशाळा

मंडळी, आजचा लेख जरा लांबणार आहे, चहा घेऊनच बसा. विषय इतिहासाचाच आहे. किल्ला नाही, लढाई नाही, सनावळ्या मात्र भरपूर!

सुरुवात घरापासून करतो. मी मूळचा म्हसळ्याचा. (म्हसळा कुठे आलं असं विचारणाऱ्यांसाठी : माणगावहून श्रीवर्धनला जाताना वाटेत लागतं ते. राजपुरीच्या खाडीचा एक फाटा आमच्यापर्यंत येतो. १९४८ पर्यंत आम्ही जंजिरा संस्थानात होतो, म्हणजे सिद्दीच्या राज्यात.) आईबाबा तिथेच असतात. घर जुनं, कौलारू, मागे पोफळीची छोटी वाडी.

३ जून २०२० ला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. मी पुण्यात होतो. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, लॉकडाऊन चालू, जिल्हा ओलांडायचा तर ई-पास. सकाळपासून फोन लावत होतो. अकरानंतर लागेना. आधी "नेटवर्क क्षेत्राच्या बाहेर", मग नुसतीच शांतता. टीव्हीवर "मुंबई थोडक्यात वाचली" अशी पट्टी सुरू झाली. मुंबई वाचली म्हणजे वादळ दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावरून गेलं असणार, हे मला नकाशा बघून कळत होतं.

रात्री नऊला एसएमएस वाजला. बाबांचा. "आम्ही ठीक आहोत. काळजी करू नको." मी हुश्श केलं, मॅगी केली, झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहज त्या मेसेजच्या डिटेल्स उघडल्या. पाठवल्याची वेळ : सकाळी १०:५२. म्हणजे वादळ यायच्या दोन तास आधी! तो मेसेज कुठल्या तरी सर्व्हरवर दहा तास अडकून पडला होता. मी आदल्या रात्रीची म्हणून जी बातमी वाचली ती वादळाआधीची होती. त्यापुढचे चार दिवस मी जे केलं त्याला इंजिनिअरिंगमध्ये एक नाव आहे हे मला नंतर कळलं. स्टेट एस्टिमेशन. मराठीत म्हणू या, अवस्थेचा अंदाज.

परवा ऑफिसच्या कामासाठी एक पेपर वाचत होतो. (मशिनवरच्या सेन्सरचा डेटा गोळा करणाऱ्या सिस्टिमवर मी काम करतो.) पेपराचा विषय : आपोआप, कधीही, नेम नसताना आपली जोडणी बदलणारं न्यूरल नेटवर्क, त्यावर लावलेले सदोष सेन्सर, आणि त्यातून आतली खरी अवस्था कशी ओळखायची. चार पानं वाचून डोकं गरगरलं. मग एकदम वाटलं, अरे, हे तर जून २०२० आहे! तेव्हापासून या विषयाचा इतिहास खोदतोय. तोच आज सांगतो.

आधी एसटी स्टॅण्डवर जाऊ

गणित नको, उदाहरण घेऊ. तुम्ही पहाटे म्हसळ्याच्या स्टॅण्डवर उभे आहात. मुंबईहून काका येणार आहेत. गाडी आत्ता कुठे आहे? दिसत नाही. पण तुमच्याकडे दोन गोष्टी आहेत. एक, वेळापत्रक आणि रोजचा अनुभव, ज्यावरून गाडी आत्ता कुठे असावी हे सांगता येतं. दुसरी, कुणीतरी दिलेली खबर : "साई गावाजवळ बघितली मघाशी". खबर देणारा माणूस खात्रीचा असेल तर तुम्ही आपला अंदाज बराच बदलता. थापाड्या असेल तर थोडाच बदलता. म्हणजे आधी अंदाज, मग खबर, मग दोघांच्या लायकीप्रमाणे मधला आकडा. परत पाच मिनिटांनी तेच.

आता तीन भानगडी जोडा. एक, खबर देणाऱ्याने "मघाशी" म्हणजे कधी ते सांगितलंच नाही. दोन, कधी कधी खबर येतच नाही. आणि तीन, घाटात दरड कोसळली. मग नुसती गाडी उशिरा येते असं नाही, तर सगळं वेळापत्रकच रद्द होतं. आता वेगळे नियम चालू झाले, आणि ते बदललेत हेही तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. तो पेपर या सगळ्या भानगडी एकत्र घेतो. इतिहासात मात्र त्या एकेक करून आल्या.

पहिली गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. १ जानेवारी १८०१ ला पियात्सी या खगोलशास्त्रज्ञाला पालेर्मोहून सेरेस दिसला. ११ फेब्रुवारीपर्यंत त्याने वेध घेतले आणि मग तो सूर्याच्या उजेडात हरवला. चाळीसेक दिवसांच्या, थोड्याफार चुका असलेल्या नोंदी, बस. चोवीस वर्षांच्या गाउसने त्यावरून कक्षा काढली आणि वर्षअखेरीस, ३१ डिसेंबरला, सेरेस त्याने सांगितलेल्या जागेजवळ सापडला. मोजमापं चुकीची असली तरी चुका एकमेकींना तोलतील अशी कक्षा शोधायची, हे सूत्र तेव्हापासून रुळलं. लजांड्रने १८०५ साली आणि गाउसने १८०९ साली ते छापलंही.

पण सदोष मापाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट जर्मनीतली नाही, आमच्या रायगड जिल्ह्यातली आहे.

कुलाब्याहून कुलाब्याला

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली मुंबईत कुलाब्याला वेधशाळा बांधली. काम मुख्यतः खगोलाचं आणि जहाजांसाठी घड्याळाची अचूक वेळ ठेवण्याचं. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी सुरू झाल्या. टांगलेला लोहचुंबक किती हलला हे माणूस डोळ्याने वाचून वहीत लिहायचा. दर तासाला, दिवसरात्र. काटा नेहमीपेक्षा जास्त हलायला लागला की दर पंधरा मिनिटांनी, आणि फारच झालं तर दर पाच मिनिटांनी.

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये कॅरिंग्टनने सूर्यावर एक झगझगीत स्फोट पाहिला. साडेसतरा तासांच्या आसपास त्याचा दणका पृथ्वीला बसला. इतिहासात नोंदलेलं हे बहुधा सगळ्यात मोठं चुंबकीय वादळ. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत तेव्हा आधुनिक यंत्र होतं. प्रकाशाचा ठिपका फोटोच्या कागदावर आपोआप रेघ ओढायचा. वादळात तो ठिपका कागदाच्या बाहेर गेला! आजच्या भाषेत सेन्सर सॅच्युरेट झाला. कुलाब्यात मात्र यंत्र साधं आणि माणूस डोळ्याने वाचणारा. २ सप्टेंबरला त्याने वहीत जी घसरण लिहिली ती सुमारे १६०० नॅनोटेस्ला होती. म्हणजे तिथल्या क्षेत्राच्या साधारण चार टक्के. विषुववृत्ताजवळच्या भागातली त्या वादळाची अशी सलग नोंद दुसरीकडे मिळालेली नाही.

त्या वह्या दीडशे वर्षं जवळजवळ तशाच राहिल्या. २००३ साली त्सुरुतानी, गोन्झालेस, लाखिना आणि अ‍ॅलेक्स या चौघांनी त्या नोंदी अभ्यासून पेपर लिहिला, आणि कॅरिंग्टन वादळाला पहिल्यांदा नीट आकडा मिळाला. (लाखिना आणि अ‍ॅलेक्स हे आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले. या संस्थेचं मुख्य ऑफिस आता नवीन पनवेलला आहे, म्हणजे परत रायगडच.) तुलनेसाठी सांगतो, मार्च १९८९ मध्ये ज्या चुंबकीय वादळाने कॅनडात क्वेबेकची वीज नऊ तास घालवली, त्याचा आकडा ५८९ होता.

पण गंमत पुढेच आहे. १९८९ चा आकडा तासाच्या सरासरीचा असतो, आणि कुलाब्याचा १६०० हा एका क्षणाचा. २००६ साली दुसऱ्या संशोधकांनी कुलाब्याच्या नोंदींची तासाची सरासरी काढली तर आकडा ८५० च्या आसपास आला! वही तीच, काटा तोच. "किती वेळाने वाचलं" एवढ्यावर उत्तर जवळजवळ निम्मं झालं. मला इथे माझा १०:५२ चा मेसेज आठवला. आकडा खोटा नव्हता, मजकूर खोटा नव्हता, त्याला चिकटलेली वेळ मी बघितली नव्हती.

आता दुसरा अंक. १९०० च्या सुमारास मुंबईत घोड्यांच्या ट्राम काढून विजेच्या आणायचं ठरलं. वेधशाळेच्या संचालकपदी तेव्हा नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस होते. त्या पदावरचे ते पहिले भारतीय, १८९६ पासून. मूस यांना लगेच कळलं की ट्रामच्या रुळांतून वाहणारा प्रवाह लोहचुंबकाला हलवणार. सूर्य हलवतोय की ट्राम, हे वहीतून ओळखता येणार नाही. शहराची ट्राम थांबवणं शक्य नव्हतं, तेव्हा सेन्सर हलवायचा. जागा निवडली अलिबाग. मुंबईपासून तीसेक किलोमीटर, ट्राम येण्याची सुतराम शक्यता नाही. (मी शंभर वर्षांनंतरचा साक्षीदार आहे, अजूनही आलेली नाही.) पोरबंदरचा दगड आणून लोखंड न वापरता इमारत बांधली. मुंबईतल्या कुलाब्याची वेधशाळा अशी कुलाबा जिल्ह्यात आली. आमच्या जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते १९८१ साली.

आता मूस यांनी जे केलं ते मला फार आवडतं. अलिबागच्या नोंदी १९०४ ला सुरू झाल्या, तरी मुंबईचं यंत्र त्यांनी लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत, दोन वर्षं, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं. कारण जागा बदलली की आकडा थोडा बदलणार, आणि तो नेमका किती ते कळलं तरच १८४१ पासूनची मालिका पुढे जोडता येणार. विजेची ट्राम १९०७ ला धावली, तोपर्यंत जोडणी पुरी झालेली होती. ट्राम १९६४ मध्ये बंदही झाली. अलिबागच्या नोंदी अजून चालू आहेत.

आयटीवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. जुनी सिस्टिम काढून नवी लावताना पॅरलल रन करतात तोच हा प्रकार. फरक एवढाच की मी ज्या प्रोजेक्टांवर होतो तिथे दोन आठवड्यांचा पॅरलल रन चार दिवसांत गुंडाळलेला बघितलाय. मूस यांनी दोन वर्षं केला, आणि १९१० साली १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचा अभ्यास दोन खंडांत छापला. शाळेच्या सहलीत मी अलिबागच्या समुद्रावर गेलो होतो. वेधशाळा तिथून जवळच आहे. तेव्हा आम्ही सगळे घोडागाडीसाठी भांडत होतो. असो.

मूस यांच्या कामातून मी जे घेतलं ते एवढंच : माप बिघडलेलं असलं तरी चालतं, पण ते किती आणि कशाने बिघडलंय याचा हिशेब ठेवावा लागतो.

चुकीचाही हिशेब

हा हिशेब यंत्राला दर क्षणी आपोआप करता यावा, याचं सूत्र मिळालं ते १९६० साली. रुडॉल्फ काल्मन, जन्म बुडापेस्टचा, तेव्हा अमेरिकेत. इलेक्ट्रिकलवाले भुवया उंचावतील म्हणून त्याने आपला पेपर मेकॅनिकल इंजिनिअरांच्या मासिकात छापला म्हणतात. काल्मन फिल्टरची कल्पना आपल्या स्टॅण्डवरचीच आहे, अंदाज आणि खबर यांचा मेळ. पण त्यात एक फार सुंदर गोष्ट आहे. फिल्टर दोन आकडे बाळगतो. एक, गाडी कुठे आहे. दुसरा, आपल्याला ते कितपत माहीत आहे. खबर आली की दुसरा आकडा लहान होतो, खबर नसली की वाढत जातो. म्हणजे आपलं अज्ञान किती हेही यंत्र मोजत राहतं.

त्याच वर्षी काल्मन नासाच्या एम्स केंद्रात गेला. तिथे स्टॅन्ली श्मिट चंद्रावर जाणाऱ्या यानाची जागा कशी ओळखायची या प्रश्नात अडकला होता. त्याने ही पद्धत उचलली, वाकड्या मार्गांसाठी वाढवली, आणि ती अपोलोत गेली. अपोलोच्या कम्प्युटरची बदलती मेमरी सुमारे ४ केबी होती. (आमच्या एका लॉगफाइलची एक ओळ कधी कधी यापेक्षा मोठी असते!)

हवामानाचे अंदाज हा याच कुळातला प्रकार. समुद्रावर सेन्सर विरळ, उपग्रह वरून बघणार, जहाजं आणि तरंगते बॉय इथेतिथे. मॉडेल एक अंदाज देतं, मोजमापं त्याला ढकलतात. १९९४ साली एव्हेन्सेनने अनेक अंदाज एकदम चालवून त्यांच्यातल्या फाकेवरून अनिश्चितता मोजायची पद्धत मांडली, ती आज जगभर वापरतात. निसर्गच्या वेळी हवामान खात्याने काय सांगितलं होतं आठवा : हरिहरेश्वर ते दमण यांच्यामध्ये, अलिबागजवळ. हरिहरेश्वर ते दमण म्हणजे अडीचशे किलोमीटरहून जास्त. तेव्हा मला हे वाचून राग आला होता, एवढा मोठा पट्टा सांगून उपयोग काय म्हणून. आता वाटतं, तो दुसरा आकडा होता. त्यांनी तो लपवला नव्हता. "अलिबागजवळ" एवढंच वाचलं ते आपण.

दरड कोसळली तर?

काल्मनचं गणित एक गोष्ट धरून चालतं : नियम आपल्याला माहीत आहेत. पण घाटात दरड कोसळली तर नियमच बदलतात. ही तिसरी भानगड, आणि तिचं मूळ रशियात आहे.

आंद्रेई मार्कोव्ह हा सेंट पीटर्सबर्गचा भांडखोर गणिती. त्याच्या काळात समजूत अशी की मोठ्या सरासरीचे नियम लागू व्हायला घटना एकमेकींपासून स्वतंत्र असाव्या लागतात. मार्कोव्हने १९०६ साली दाखवलं की तसं नाही. पुढची पायरी फक्त आत्ताच्या पायरीवर अवलंबून असली तरी नियम लागतात. मग १९१३ साली त्याने पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन'मधली २०,००० अक्षरं हाताने मोजली. स्वर ४३ टक्के. पण स्वरानंतर लगेच स्वर येण्याची शक्यता १३ टक्के, आणि व्यंजनानंतर स्वर येण्याची ६६ टक्के. म्हणजे लॉटरी आहे, पण तिला एक पाऊल मागचं आठवतं.

कोकणातल्या माणसाला हे नवीन नाही. पावसाचे दिवस असतात आणि उघडिपीचे दिवस असतात. लागला की आठवडाभर लागतो, उघडला की उघडतो. उद्या काय याची खात्री नाही, पण आज काय आहे त्यावर उद्याची शक्यता ठरते. आणि दोन अवस्थांमध्ये नदी-नाल्यांचे नियम वेगळे.

१९६१ साली क्रासोव्हस्की आणि लिडस्की या सोव्हिएत गणितींनी अशाच अचानक रूप बदलणाऱ्या यंत्रणांचं नियंत्रण कसं करायचं ते मांडलं. १९८८ मध्ये ब्लोम आणि बार-शालोम यांनी रडारवाल्यांसाठी एक युक्ती काढली. विमान सरळ जातंय की वळतंय माहीत नाही ना, मग दोन्ही समजुतींचे दोन फिल्टर एकदम चालवा, त्यांना एकमेकांशी बोलू द्या, आणि येणारी खबर कुणाच्या बाजूने झुकते ते बघा. एकाच समजुतीवर सगळं घर बांधू नका.

मेंदूचं जाळं

आता त्या पेपरातला शेवटचा शब्द उरला : न्यूरल नेटवर्क. आजकाल हा शब्द ऐकला की लोकांना चॅटबॉट आठवतो. इथला प्रकार जुना आहे. १९४३ साली मॅक्युलॉक आणि पिट्स यांनी मज्जापेशीचं साधं गणिती रूप मांडलं. १९८२ साली जॉन हॉपफिल्ड या भौतिकशास्त्रज्ञाने अशा पेशींचं जाळं घेतलं, प्रत्येक पेशी बाकीच्यांना ओढते. सोडून दिलं की हळूहळू एखाद्या स्थिर अवस्थेत जाऊन बसतं, पाणी जसं सखल जागी जाऊन बसतं तसं. त्या सखल जागा म्हणजे आठवणी. २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला हिंटनसोबत मिळालं ते याच कामाबद्दल.

असं जाळं म्हणजे एक चालतं यंत्र. त्याच्या प्रत्येक पेशीची आत्ताची अवस्था बाहेरून दिसत नाही, थोड्याच दिसतात. २००५ साली वांग, हो आणि लिऊ यांनी प्रश्न मांडला : उशिराने संदेश देणाऱ्या जाळ्याची पूर्ण अवस्था थोड्या मोजमापांतून ओळखता येईल का? उत्तराची रीत १९६४ च्या लुएनबर्गरच्या कामासारखीच. खऱ्या जाळ्याची एक नक्कल शेजारी चालवायची. नक्कल काय दाखवते आणि सेन्सर काय दाखवतो यातला फरक घ्यायचा, आणि त्या फरकाने नक्कल थोडी ढकलायची. ढकलणं किती जोरात हे नीट निवडलं तर नक्कल हळूहळू खऱ्याला येऊन मिळते. मिळेलच याची खात्री लियापुनोव्हच्या १८९२ च्या प्रबंधातून येते. चुकीची एक "उंची" ठरवायची आणि ती दर क्षणी कमीच होते हे दाखवायचं.

नंतरच्या वीस वर्षांत लोकांनी यात एकेक भानगड घातली. जाळ्याची जोडणी मार्कोव्हच्या लॉटरीने बदलते. सेन्सर क्यूच्या कागदासारखा एका हद्दीपुढे मुका होतो. संदेश उशिरा येतो, किंवा येतच नाही. या पेपरांचा ढीग मोठा आहे आणि खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी उदाहरण दोन-तीन पेशींच्या जाळ्याचंच असतं. कारखान्यात लावलेलं मी तरी बघितलेलं नाही. पण एक निकाल असा भेटला की मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

किती खबर पुरते?

खबर येईल की नाही याचीच खात्री नाही, हा प्रश्न नाही या संशोधकाने (आडनावच नाही, मी काय करू!) १९६९ सालीच घेतला होता. २००४ मध्ये बर्कलीच्या सिनोपोली आणि मंडळींनी काल्मन फिल्टरसाठी तो पार टोकाला नेला. त्या पेपराच्या सहा लेखकांतले शंकर शास्त्री आणि कामेश्वर पूला हे दोघे आपल्या पवईच्या आयआयटीतून बीटेक झालेले.

त्यांनी दाखवलं की एक उंबरठा असतो. यंत्रणा मुळात भडकणारी असेल, म्हणजे एकटी सोडली तर चूक वाढतच जाणारी, तर खबरांचं प्रमाण या उंबरठ्याखाली गेलं की चूक सरासरीने अमर्याद वाढते. मग फिल्टर कितीही हुशार असो. साध्या उदाहरणात, दर पावलाला चूक दुप्पट होत असेल तर चारपैकी तीनपेक्षा जास्त खबरा पोचल्याच पाहिजेत. दर पावलाला दहाच टक्के वाढत असेल तर शंभरात अठरा पोचल्या तरी भागतं. आणि यंत्रणा स्वतःहून सावरणारी असेल तर? तर उंबरठा शून्य. एकही खबर आली नाही तरी चूक एका मर्यादेत राहते.

त्या चार दिवसांत मी काय करत होतो ते मला इथे कळलं. व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ आला होता, पत्रे उडतायत, झाडं मोडतायत, खाली लिहिलेलं "म्हसळा". मी त्याला पूर्ण वजन दिलं. नंतर कळलं तो भलत्याच गावचा होता. शांततेचा अर्थ मी दर तासाला जास्त वाईट लावत होतो. तीन तास फोन नाही म्हणजे टॉवर पडला, दहा तास नाही म्हणजे घर पडलं, दोन दिवस नाही म्हणजे... वास्तविक टॉवर पडला असेल तर दोन तासांची आणि दोन दिवसांची शांतता सारखीच. तिच्यातून टॉवरबद्दल कळतं, माणसांबद्दल नाही. चूक दुप्पट होत होती ती माझ्या डोक्यातल्या नक्कलेत.

पाचव्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. बाबा होते. माणगावच्या बाजूला जाणाऱ्या कुणाच्या तरी गाडीत बसून रेंज येईल तिथवर आले होते.

"बाबा, तुम्ही ठीक आहात ना?"

"अरे ठीक म्हणजे, कौलं सगळी गेली. वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्यात, चार-पाच उभ्या असतील. आम्ही दुपारीच शेजारच्या स्लॅबच्या घरात गेलो होतो. आई बरी आहे, चूल मांडलीये पडवीत. ताडपत्री मिळते का तिकडे बघ." मग जरा थांबून, "तुला मेसेज केला होता की!"

मी काय बोलणार? केला होता खरा.

घर सावरलं. कौलं मिळायला महिने गेले, वीज यायलाच कितीतरी दिवस लागले. पोफळी नवीन लावल्यात, त्या धरायला अजून अवकाश आहे. बाबा म्हणतात, मी आहे तोवर सुपारी हाताला लागली तर बोनस समजायचं. हे ते हसत म्हणतात, आणि त्यांच्या आवाजावरून आतली खरी अवस्था मला अजूनही नीट ओळखता येत नाही.

एक बदल मात्र झालाय. तेव्हा मी फोनवर चिडून सांगितलं होतं की मेसेजमध्ये वेळ लिहीत जा. मी पूर्ण विसरलो होतो, ते विसरलेले नाहीत. परवाचा मेसेज असा होता : "सायं. ६:१०. पाऊस जोरात आहे. लाइट गेली. आम्ही ठीक."

चला, बरंच लांबलं. पुढच्या शनिवारी भेटू.